अनुभव धागा: काय विसरलं, काय डोक्यात बसलं?

सातवी गल्ली, राजारामपुरी
प्रोग्रॅमिंगमधलं जे रोज वापरतो ते रोज शोधावं लागतं आणि जे कुणी वापरत नाही ते पाठ आहे, असं फक्त माझंच होतं का? सॉफ्ट लिंक (फाइलला दुसऱ्या नावानं दुवा) करताना आधी खरी फाइल की आधी नवं नाव, हे मला अजून दरवेळी बघावं लागतं. ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनचे पाच रकाने (मिनिट, तास, तारीख, महिना, वार) सांगतो, पण रविवार शून्य की सात इथं अडतो. दोन्ही चालतात हे माहीत असूनही अडतो! उलट सी भाषेसाठीच्या जुन्या टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवरचे शॉर्टकट अजून बोटांत आहेत. कोल्हापुरातल्या आणि इथून पुण्या-बेंगलोरला गेलेल्या मंडळींनी लिहा. काय जातं, काय राहतं, त्यावर काही करता का? सल्ले नकोत, अनुभव सांगा.

फॉक्सप्रोवाले काका
साखर कारखान्यात ईडीपीला (संगणक विभागात) होतो, आता निवृत्त. ऊसनोंद, वजनकाटा, पंधरवड्याचं बिल, सगळं फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरात. मायक्रोसॉफ्टनं २००७ लाच नवी आवृत्ती काढणार नाही म्हणून सांगितलं, जानेवारी २०१५ ला उरलासुरला सपोर्टही बंद झाला. कमांडा निम्म्याहून जास्त गेल्या. एक मात्र जात नाही. डिलीट म्हटलं तरी रेकॉर्ड जागेवरच असतं, त्यावर नुसती खूण पडते. पॅक मारलं की मग खरंच जातं.

हे पुस्तकानं शिकवलं नाही. एका हंगामात काही सभासदांच्या बिलात तोडणी-वाहतुकीची वजावट दोनदा पडली. काउंटरवर ही रांग, चेअरमनसाहेबांचा फोन वर. चुकीच्या नोंदी रद्द करून नव्या घातल्या होत्या, पण 'सेट डिलीटेड' ऑफ राहिलेलं, त्यामुळे खूण केलेली रेकॉर्डंही बेरजेत धरली जात होती. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक प्रोग्रॅमची पहिली ओळ ठरलेली: 'सेट डिलीटेड ऑन'. नातवाचा वाढदिवस विसरेन, ती ओळ विसरणार नाही. (सूनबाई वाचत असेल तर: विसरलेलो नाही.)

शिरोलीचा लेथवाला
आमी काय तुमच्यासारखं एसीत बसणारं न्हाई, पण प्रोग्रॅम आमीबी लिवतो. सीएनसी लेथवर, म्हंजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर. जी-शून्य रॅपिड (न कापता झपाट्यानं सरकणं), जी-एक सरळ कट, जी-दोन घड्याळाच्या दिशेनं, जी-तीन उलटं, ह्यात इसरण्यासारखं काय न्हाई. पण थ्रेडिंगचं (आटं पाडायचं) जी-७६ बगा. दोन ओळीचं असतंय. पैल्या ओळीत पीफुडं सहा आकडं: पैलं दोन फिनिशिंगच्या पासचं, मधलं दोन चॅम्फरचं (आट्याच्या शेवटाला टूल तिरकं भाईर काढायचं), शेवटचं दोन टूलच्या कोनाचं. त्या मधल्या दोनावर माझं डोकं कायम थांबतंय. म्हणून मशीनच्या दारावर आतल्या अंगाला मार्करनं लिवून ठेवल्यालं. ऑडिट आलं म्हणून मालकानं दार रंगवून घेतलं की! दुसऱ्या दिवशी सगळी शिफ्ट माझ्या तोंडाकडं बघतीया. मग जुना चालू प्रोग्रॅम काढला, त्यातनं आकडं उचललं.

आता पत्त्येक प्रोग्रॅममधी कंसात लिवतो. कंसातलं मशीन वाचत न्हाई, पण माझ्यामागनं येणारं पोरगं वाचतंय. दार रंगवा न्हाईतर बदला.

इचलकरंजी
जावास्क्रिप्टमधलं स्लाइस आणि स्प्लाइस: एक यादीचा तुकडा देतं, दुसरं मूळ यादीच बदलतं. बाकी काही सांगत नाही.

लेक शाळेत गेल्यावर
लेकीसाठी नोकरी सोडली तेव्हा वेबसाइट बनवायला अँग्युलरजेएस चालू होतं. परत आले तर गूगलनं २०२१ च्या अखेरीस त्याचा सपोर्टच थांबवलेला. म्हणजे मी विसरले असते तरी बिघडत नव्हतं, पण नेमकं तेच लख्ख आठवत होतं! एसक्यूएलचं (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेचं) उलटं झालं. पहिल्या दिवशी लेफ्ट जॉइन लिहिताना हात थांबला, ग्रुप बाय आधी की हॅविंग आधी ते बघावं लागलं. आठवडा गेला आणि एका दुपारी लक्षात आलं, आपण काहीच न शोधता लिहितोय. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, माहेरी गेल्यावर चूल पेटवायला शिकावं लागतं होय?"

कॉलेजातला मास्तर
ताई, तुमच्या सासूबाईंचं म्हणणं १८८५ सालचं आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं स्वतःलाच निरर्थक अक्षरगट पाठ करायला लावले आणि विसरण्याचा आलेख काढला. तासाभरात निम्म्याहून जास्त जातं, पुढं घसरण मंदावते, एवढंच सगळे सांगतात. पण तो मोजत होता ते वेगळंच: तीच यादी पुन्हा पाठ करायला किती वेळ वाचतो. आठवत नाही असं वाटलं तरी दुसऱ्यांदा कमी वेळ लागायचा. तुमचा आठवडा त्यातलाच. कोडला मात्र अर्थ असतो, त्यामुळे त्याचे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. माझी मुलं तो आलेख परीक्षेत सुरेख काढतात आणि पॉइंटर विसरतात.

लक्ष्मीपुरी प्रेस
मी छपाईतला. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडात (प्रत्येक अक्षराला ठरलेला सामाईक क्रमांक) आणायचा प्रोग्रॅम केला होता. कुठल्या भाषेत केला तेही आता बघावं लागेल. पण नियम पक्के. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, जशी दिसते तशी. युनिकोडात ती व्यंजनानंतर साठवतात. रफार बरोब्बर उलटा: दिसतो शेवटी, साठवतात आधी. 'मार्ग'मध्ये र, हलन्त आणि मग ग. लग्नपत्रिकेत 'कार्यक्रम' फाटला की मला न बघता कळतं कुठं बिनसलंय. क म्हणजे ०९१५, हलन्त ०९४डी. स्वतःचा पिनकोड सांगताना मी जास्त अडखळतो.

शेवटचं वर्ष
आमचं काय मग? मी एआयला विचारतो, ते कोड देतं, चालतं. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा विचारतो. विसरायला आधी काही आत जायला पायजे ना! लॅबच्या तोंडीला सरांनी माझाच कोड समोर ठेवला आणि मी परक्याच्या घरात शिरल्यासारखा बघत बसलो. मुलाखतीत काय करायचं?

सातवी गल्ली, राजारामपुरी
आमच्याकडे मुलाखतीला नेट चालू ठेवतो. पाठांतर तपासत नाही, पोरं काय शोधतात ते बघतो. मागं एका मुलीला जावात बिलाची तारीख छापायला दिली. ती थांबली आणि फॉरमॅटमधला मोठा वाय आणि छोटा वाय यातला फरक शोधायला लागली. मोठा वाय आठवड्याच्या हिशोबाचं वर्ष देतो, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत बिलावर पुढचं वर्ष पडू शकतं. कुठला कशासाठी हे तिला आठवत नव्हतं. इथं काहीतरी गोम आहे एवढं मात्र आठवत होतं. तिला घेतली. तिच्याआधीच्यानं धडाधड लिहिलं, मोठा वाय घालून.

शेवटचं वर्ष
दादा, अजून जागा आहे का?

सातवी गल्ली, राजारामपुरी
आहे एक. सीव्ही मेलवर पाठव, व्हॉट्सअॅपवर नको. आणि तोंडीला अडला होतास तो कोड घेऊन ये, एआय न उघडता ओळ न् ओळ मला समजावून सांग.