सल्ला हवा: करडांची वजनं, वयासोबत वाढत जाणारा व्हेरियन्स (फैलाव)

माळरान: पशुसंवर्धनात पीएचडी करतोय. ४० उस्मानाबादी करडं, दोन प्रकारचा खुराक, जन्मापासून वर्षापर्यंत दर महिन्याला वजन. जन्मताना सगळी दोन-अडीच किलोची, पण वर्षाला एक १५ किलो तर दुसरं २४. साधं रिग्रेशन सगळ्या वयांत फैलाव सारखाच धरतं, ते चालणार नाही एवढं कळतं. कोणती पद्धत घेऊ? खर्च शून्य, आर (आकडेवारीचं फुकट सॉफ्टवेअर) थोडंफार येतं. दोन आठवड्यांत प्रकरण गाईडना द्यायचंय.

जुना_विद्यार्थी: एसएएस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर घ्या. त्यातल्या प्रॉक मिक्स्ड या कमांडमध्ये रिपीटेडच्या ओळीत ग्रुप दिला की प्रत्येक खुराकाचा व्हेरियन्स वेगळा निघतो. माझा अख्खा प्रबंध त्यावर झाला. लायसन्स विद्यापीठाकडून मागा.

माळरान: खर्च शून्य लिहिलंय हो.

सांगलीकर: वजनाचा लॉग (लॉगरिदम) घ्या, फैलाव आपोआप आवळतो. मी नेहमी हेच करतो.

आकडेवाली: माझी चूक तुम्ही करू नका. मी आरच्या एलएमई४ पॅकेजमध्ये वेट्स (प्रत्येक नोंदीला द्यायचा भार) देऊन निश्चिंत झाले. ते पॅकेज तुम्ही दिलेले वेट्स जसेच्या तसे धरतं, व्हेरियन्स वयानुसार कसा वाढतो ते शोधत नाही. व्हायव्हात परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. एनएलएमई हे आरचंच दुसरं पॅकेज वापरा, फुकट आहे. आधी प्रत्येक करडाला रँडम स्लोप (वाढीचा स्वतःचा वेग) द्या, निम्मा फैलाव बहुधा तिथेच उलगडेल. उरलेल्या रेसिड्यूअलचा (मॉडेलचा अंदाज आणि खरं वजन यांतल्या फरकाचा) आलेख पसरट दिसला तरच व्हारपॉवर, म्हणजे फैलाव कसा वाढतो ते शोधणारा पर्याय. सरावाला त्यातलाच ऑर्थोडाँट हा जबड्याच्या वाढीच्या मापांचा डेटा घ्या: २७ मुलं, वय ८ ते १४, मुलग्यांचा व्हेरियन्स मुलींपेक्षा जास्त.

जीईईप्रेमी: एवढा खटाटोप कशाला? लियांग आणि झेगर यांची १९८६ ची जीईई पद्धत आहे, ती फक्त सरासरी वाढीचं समीकरण बसवते. व्हेरियन्सचा अंदाज चुकला तरी तिचा सँडविच एरर (उत्तरातल्या अनिश्चिततेचं माप) सांभाळून घेतो.

आकडेवाली: ४० जनावरांत सँडविच एरर खरा असतो त्यापेक्षा लहान येतो. पी-व्हॅल्यू उगाच छान, म्हणजे लहान दिसते आणि नसलेला फरकही खरा वाटतो.

जुना_विद्यार्थी: एसएएस ऑनलाइन शिकण्यासाठी फुकट मिळतं. ग्रुप द्यायचा, झालं.

गोठा: मला गणित कळत नाही, शेळ्या कळतात. वजन सकाळी उपाशीपोटी घेता ना? भरल्या पोटी मोठ्या करडात किलोभर फरक पडतो. आणि चाळीसच्या चाळीस वर्षभर राहिली?

माळरान: उपाशीपोटीच घेतलं. नवव्या महिन्याचं वजन झाल्यावर बकरी ईदला सहा विकली. सगळ्यात भारी तीच होती.

आकडेवाली: अहो, हे आधी सांगायचं! भारी करडं गेली म्हणजे उरलेल्यांची सरासरी खाली येणार. साधी जीईई इथे फसते. मिक्स्ड मॉडेलला (वर सांगितलेलं, रँडम स्लोपवालं) आधीची वजनं माहीत असतात, ते बरंचसं सावरतं.

जीईईप्रेमी: गळती लक्षात घेणारी वेटेड जीईई असते.

सांगलीकर: लॉग घेतला का?

माळरान: सर्वांचे आभार, गोठादादांचे विशेष. मी नऊ महिन्यांपर्यंतच्याच नोंदी घेतोय, तोवर चाळीसही होती. एनएलएमईतलीच जीएलएस पद्धत (रँडम स्लोपशिवायचं रिग्रेशन), दर महिन्याला वेगळा व्हेरियन्स, जवळच्या महिन्यांत जास्त सहसंबंध. रँडम स्लोप नाही, लॉगही नाही. गाईडना किलोतली वाढ आणि महिन्यागणिक व्हेरियन्सचा तक्ता हवा आहे.

आकडेवाली: चौतीस करडांच्या तीन महिन्यांच्या नोंदी टाकून देऊ नका. निदान परिशिष्टात मिक्स्ड मॉडेल चालवा.

गोठा: नऊ महिन्यांनंतरच तर खुराकाचा फरक दिसतो.