कार्ड नाही म्हणून ती पत्रकार नाही?

रामबागवाली (इंदूर): भाची इथेच पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधाला तिनं मोरोक्कोच्या ताब्यातल्या पश्चिम सहारातल्या महिला पत्रकार घेतल्यात. नझा अल खालिदी ४ डिसेंबर २०१८ ला लायून शहरातली निदर्शनं फेसबुकवर थेट दाखवत होती. पोलिसांनी धरलं, फोन काढून घेतला आणि खटला भरला तो पात्रता नसताना पत्रकार म्हणवून घेतल्याचा! जुलै २०१९ मध्ये ४,००० दिरहम दंड झाला. इकडे मार्गदर्शक सर म्हणतात, "त्यांना पत्रकार लिहू नकोस, कार्यकर्त्या लिही." पोरगी तणतणतेय. सरांचं बरोबर आहे का?

जुना उपसंपादक (इंदूर): सर नकळत मोरोक्कोच्या सरकारी वकिलाची बाजू मांडतायत. आपल्याकडे जनसंपर्क विभागाची अधिमान्यता (सरकारी पत्रकार-कार्ड) असते, पण ती सवलतींसाठी. बातमी द्यायला परवाना लागत नाही. आमच्या डेस्कवरच्या निम्म्यांकडे ती नव्हती, आणि चांगल्या बातम्या बहुतेक त्यांच्याच असायच्या.

पश्चिम सहारातली गंमत अशी, की युनोची शांतिमोहीम तिथे १९९१ पासून आहे, पण मानवाधिकारांवर देखरेख करायचं काम तिला दिलेलंच नाही. परदेशी पत्रकारांना मोरोक्को परत पाठवतो. म्हणजे लाठी चालली तर नोंद कोण करणार? गच्चीवर लपून चित्रण करणारे स्थानिकच. त्यांनाच 'तुम्ही पत्रकार नाही' म्हटलं की काम झालं.

आजवारोड (बडोदे): काका, पण नझा ज्या 'एकिप मीडिया'त आहे तो गट उघडपणे पश्चिम सहाराच्या स्वातंत्र्याच्या बाजूचा आहे. तटस्थपणाचं काय?

जुना उपसंपादक: 'केसरी' तटस्थ होता का? १८९७ आणि १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाली, त्यांना पत्रकार म्हणायला कुणी कचरतं का? बाजू असू दे, ती प्रबंधात स्पष्ट लिहावी. तपासायचं ते चित्रण: जागा, वेळ, दुसऱ्या कोनातून घेतलेला व्हिडिओ. मोरोक्कोचं म्हणणंही द्यावं.

आजवारोड: हे पटलं. आणखी एक, भाचीला सांगा: भारताने १९८५ मध्ये सहरावी प्रजासत्ताकाला (तिथल्या स्वातंत्र्यवाद्यांनी जाहीर केलेल्या देशाला) मान्यता दिली होती, २००० मध्ये काढून घेतली. एक परिच्छेद त्यावर हवाच.

रामबागवाली: मान्यतेचं तर सरांनाही माहीत नसणार! काका, व्हिडिओ कसा तपासायचा ते तिला फोनवर समजावाल का? व्यनि करते.