शीतयुद्ध शिकवताना सुरुवात भारतापासून करावी का?

मूळ धागा : इतिहास शिक्षिका, नेरूळ
नववीला शीतयुद्ध, म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या गटांमधली चढाओढ आहे, पण वर्गात ते नाटो आणि वॉर्सा करार हे दोन लष्करी गट, क्यूबा एवढ्या यादीवर आटोपतं. मुलं पाठ करतात, पेपर लिहितात, विसरतात. माझं ठाम मत आहे की सुरुवात १९७१ पासून करावी. ९ ऑगस्टला भारत-सोव्हिएत करार होतो आणि डिसेंबरात बांगलादेश युद्ध चालू असताना अमेरिकेच्या सातव्या आरमाराची विमानवाहू नौका 'एंटरप्राइज' बंगालच्या उपसागरात येते. नकाशावर तिची वाट दाखवली की मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकतात. शिवाय आमच्या मुलांना वाशीच्या पुलावरून ट्रॉम्बेचा डोंगर रोज दिसतो. तिथली सायरस अणुभट्टी कॅनडाच्या मदतीची, तिचं जड पाणी अमेरिकेचं. आणि पवईची आयआयटी उभी राहिली ती सोव्हिएत मदतीने. अलिप्ततावाद, म्हणजे कुठल्याच गटात न जाण्याचं आपलं धोरण, याहून जवळून कसं दाखवणार?

घोडबंदर रोड, ठाणे
मॅडम, इथेच घोळ होतो. १९७१ पासून सुरू केलं की रशिया मित्र, अमेरिका शत्रू एवढंच डोक्यात बसतं. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्रागमध्ये घुसले, तेव्हा सुरक्षा परिषदेत निषेधाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. हे कधी सांगणार? कोरिया आणि व्हिएतनाममध्ये लाखो माणसं मेली. त्यांना आपल्या गोष्टीचं शेपूट करू नका.

पालक, कोपरखैरणे
एनसीईआरटीने बारावीच्या राज्यशास्त्रातून शीतयुद्धाचं प्रकरण २०२२ मध्ये काढूनच टाकलं. सुरुवात कुठूनही करा, पण शिकवा.

मूळ शिक्षिका
प्राग सांगायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण व्हिएतनामलाही आपल्याकडून जाता येतं. १९६६ च्या टंचाईत आपण पीएल-४८० या अमेरिकेच्या अन्नमदत योजनेच्या गव्हावर जगत होतो. शेतीधोरण बदला हा अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांचा आग्रह होताच, त्यात व्हिएतनाममधल्या अमेरिकेच्या युद्धावरून दिल्लीने केलेल्या टीकेचा राग. गहू हात आखडूनच सोडला जात होता. रेशनच्या रांगेत उभे राहिलेले आजी-आजोबा मुलांच्या घरात आहेत. त्यांना विचारून या, असं सांगितलं की धडा घरी पोचतो.

घोडबंदर रोड, ठाणे
गव्हाचं उदाहरण पटलं. पण त्यातही मुलांच्या लक्षात राहणार आपली रेशनची रांग. ज्यांच्या गावांवर बॉम्ब पडत होते ती माणसं पुन्हा बाजूलाच. दोनच तास मिळत असतील तर पहिला त्यांना द्या, १९७१ दुसऱ्या तासाला घ्या. मी यावरून हटणार नाही.