टाके शिकायला जिवंत उंदीरच कशाला?

मृण्मयी:
प्लास्टिक सर्जरीचे रेसिडेंट रक्तवाहिनी जोडायला शिकतात ती उंदराच्या मांडीतल्या धमनीवर. व्यास जेमतेम 1 मिमी, टाके 10-0 नायलॉनचे, केसाहून बारीक. पण सुरुवातीला शिकायचं काय असतं? सुई कशी धरायची, हात न थरथरता गाठ कशी मारायची, पलीकडची भिंत टाक्यात ओवली जाऊ नये म्हणून काय करायचं. एवढं सगळं चिकनच्या दुकानातून आणलेल्या तंगडीतल्या धमनीवर जमतं. वर जोड उभा कापून आतले टाके बघताही येतात. त्यासाठी एका जिवाला भूल द्यायची आणि काम झालं की मारायचं, हे मला अजिबात पटत नाही.

डॉ. अनिकेत:
मेलेल्या कोंबडीत रक्त वाहत नाही, सगळं तिथेच अडतं. रक्त थांबवायला लावलेला चिमटा, म्हणजे क्लॅम्प, काढल्यावर जोड गळतो का, वाहिनी आकसते का, थोड्या वेळाने गुठळी धरते का, हे तंगडीवर कसं कळणार? अमेरिकी प्लास्टिक सर्जन हॅरी बंकी यांनी 1960च्या दशकात सशाचा तुटलेला कान जोडला, माकडाच्या पायाचा अंगठा हाताला बसवला. आज अपघातात तुटलेलं बोट परत बसतं, त्यामागे ते प्राणी आहेत.

मृण्मयी:
बंकींचं ते संशोधन होतं, तोवर कुणाला न जमलेलं. मी बोलतेय ती सरावाबद्दल. दोन्हींना एकच माप लावू नका.

शुभदा:
संशोधनातही उंदरावर किती विसंबायचं, हा प्रश्न आहेच. मुंबईत 2020 मध्ये दोन्ही हातांचं प्रत्यारोपण झालं. अशा हातात शरीर सर्वांत जोरात नाकारतं ते त्वचेला. ब्राउन नॉर्वे जातीच्या उंदराचा पाय लुईस जातीच्या उंदराला लावून हे नाकारणं अभ्यासतात. पण उंदराची कातडी सैल, तिच्याखाली स्नायूचा पातळ थर. माणसाच्या जवळची त्वचा डुकराची. उंदरात चाललेलं औषध माणसात चालेलच असं नाही. तरी ही पायरी गाळता येणार नाही, कारण नाकारणारी प्रतिकारशक्ती जिवंत शरीरातच असते.

डॉ. अनिकेत:
मान्य. पण सराव आणि संशोधन इतके वेगळे नाहीत, मृण्मयी. कच्च्या हाताने लावलेला पाय गुठळीने काळा पडला, तर तो प्रयोग वाया आणि तो उंदीरही.

मृण्मयी:
म्हणूनच म्हणते, तंगडीवर एकामागोमाग एक जोड स्वच्छ जमेपर्यंत कुणाच्याही हातात उंदीर देऊ नका. मार्गदर्शकाने प्रत्येक जोड कापून तपासावा, मगच सही करावी. प्राणिप्रयोगाच्या अर्जात आपण ‘पर्याय नाही’ असं लिहितो. सुई धरायला शिकण्यापुरतं तरी ते खरं नाही.