बाबांचे इतिहासाचे 'रुमाल' : घर रिकामं करायचंय, हे कागद कुठे ठेवू?

चरईची लेक

चरईतली आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेलीय. दिवाळीच्या आत घर रिकामं करायचंय आणि भाड्याने मिळालेली जागा वन बीएचके आहे. भांडीकुंडी, कपाटं यांचं काही ना काही होईल. प्रश्न बाबांच्या कागदांचा आहे.

बाबा ठाण्यातल्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवायचे. १९७९ ला लागले, २०१२ ला निवृत्त झाले, या मार्चमध्ये गेले. माळ्यावर त्यांचे ३१ गठ्ठे आहेत, मांजरपाटाच्या चौकोनात बांधलेले, वर शाईने साल. पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधलेले असतात, म्हणून तेही रुमालच म्हणायचे. "८८ चा रुमाल काढ गं जरा," असं.

दरवर्षी आठवीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत ते एकच अभ्यास द्यायचे. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं आणि त्याने आयुष्यात पाहिलेली एक गोष्ट फुलस्केपवर लिहून आणायची. तपासताना शुद्धलेखनाला हात लावायचे नाहीत. समासात लाल पेनने वाक्यावाक्यापुढे 'पा' नाहीतर 'ऐ' लिहायचे. पाहिलेलं आणि ऐकलेलं. कळत नसेल तिथे प्रश्नचिन्ह, आणि मुलाला परत घरी धाडायचे, विचारून ये म्हणून.

काल तो ८८ चा रुमाल उघडला. एका मुलीने गिरणीतल्या आजोबांचं लिहिलंय. १८ जानेवारी १९८२, संपाचा पहिला दिवस. 'आजोबा भरलेला डबा घेऊन परत आले आणि आजीने तो दुपारी तसाच सगळ्यांना वाढला.' पुढे 'पा'. 'अडीच लाख कामगार संपावर गेले.' पुढे 'ऐ', आणि खाली बारीक अक्षरात : आकडा बरोबर आहे, पण आजोबांनी मोजला नव्हता. मी माळ्याच्या शिडीवर बसून तो कागद चारदा वाचला.

बाबांचं सगळं असंच होतं. जनगणनेचं काम आलं की स्टाफरूममध्ये कुरकुर व्हायची. बाबांनी ८१ पासून २०११ पर्यंत चारही वेळा आनंदाने केलं. लोक दार उघडून आत बसवतात, इतिहासाच्या मास्तरला आणखी काय पाहिजे, म्हणायचे. पहिल्या आगगाडीच्या धड्याचं त्यांचं टाचण माझ्यासमोर आहे. पुस्तकातली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटते. बाबांनी लिहिलंय : 'आपण ठाण्यात बसलोय. आपल्याला ती येताना दिसली पाहिजे. दुपारी साडेतीननंतर सुटली, तासाभरात इथे. तेव्हा इथल्या माणसाच्या हातात काय काम असेल? मुलांना विचारणे.'

शाळेत विचारलं, जागा नाही म्हणाले. भाऊ म्हणतो मोबाइलवर फोटो काढ आणि कागद देऊन टाक रद्दीत. मला ते करवत नाही. तर दोन गोष्टी विचारायच्यात. हे कागद नीट सांभाळेल असं कोण असतं? आणि या दुसऱ्यांच्या आजी-आजोबांच्या गोष्टी आहेत, त्या परस्पर कोणाला द्यायचा मला हक्क आहे का?

मासुंदा ९६

ताई, पेशवे दफ्तर आणि 'पा-ऐ' वाचलं आणि कळलं, हे आमचे सर. गेल्याचं माहीत नव्हतं. फार वाईट वाटलं.

सर रविवारी सकाळी सात वाजता कौपिनेश्वराच्या देवळाच्या दारात बोलवायचे. येतील तेवढी मुलं. तिथून चालत कारागृहापर्यंत. तो मुळात किल्ला आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं, आणि मी तर जन्मापासून ठाण्यात! पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ ला मराठ्यांनी जिंकला, १७७४ ला इंग्रजांनी. रस्त्याच्या पलीकडे आम्हाला उभं करून सरांनी सांगितलं की १९ एप्रिल १९१० ला या भिंतीच्या आत अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. "तुम्ही चौदाचे," एवढंच म्हणाले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग विचारलं, "मी आत्ता सांगितलं ते पा की ऐ?" आम्ही ओरडलो, ऐ! "मग पा काय आहे इथे?" कोणालाच सुचेना. सरांनी भिंतीकडे हात केला. "ती. ती नीट बघून घ्या."

मी आज विम्याच्या दाव्यांचं काम करतो. जबाब घेताना अजूनही कागदाच्या कडेला पा आणि ऐ लिहितो. ऑफिसात कोणाला कळत नाही ते काय आहे. खोकी उचलायला, चढवायला माणसं लागतील तेव्हा सांगा, आमच्या बॅचचे चार-पाच जण नक्की येऊ.

जुना कागद

मी वीस वर्षं ग्रंथालयात काढली, बरीचशी मोडी कागदांबरोबर. आधी कागदांचं बोलते, कारण घर हलवतानाच निम्मं नुकसान होतं.

सगळे रुमाल एकदम सोडू नका. एक सोडा, संपवा, बांधा, मग दुसरा. टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना काढायच्याच, पण गंजलेली पीन ओढली की कागदाचा तुकडा घेऊन येते. पान पालथं ठेवा, पिनेची टोकं बोथट सुरीने सरळ करा आणि मग सोडवा. रबरबँड असतील तर ते चिकटलेत का बघून काढा. फाटलेल्याला सेलोटेप नको. लॅमिनेशन तर अजिबात नको. शाईपेनाचं अक्षर आहे, तेव्हा ओलं फडकं जवळ आणू नका. मांजरपाट छान आहे, तोच ठेवा, फक्त धुऊन त्यातली खळ काढा, कारण कसर खळीवर येते. कडकडीत वाळल्यावर बांधा. आत वेखंडाची पुरचुंडी. नव्या घरात बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ठाण्याच्या पावसात ती भिंत चार महिने ओलीच असते.

फोटो काढा, जरूर काढा, पाठपोट दोन्ही बाजूंचे. पण तुमच्या भावाला सांगा की लाल शाई फिकी झाली की मोबाइलच्या फोटोत ती आधी जाते. इथे तर सगळा जीव त्या लाल अक्षरात आहे.

कुठे द्यायचं? ३१ गठ्ठे आहेत म्हणून गेलात तर कोणीही घाबरेल. आधी यादी करा : साल, कोणाची आठवण, कुठल्या गावची, कशाबद्दल. ती यादी घेऊन आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, १८९३ पासूनची संस्था आहे, ठाण्याचे कागद ठाण्यात राहिलेले बरे. नाही जमलं तर पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. कुठेही दिलेत तरी लेखी घ्या की रुमाल फोडून वेगवेगळे करणार नाहीत. सरांनी वर्षवार बांधलेत, त्यालाही अर्थ आहे.

बेलापूरचा

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. नवी मुंबई वसवताना आमची जमीन सिडकोत गेलेली. जानेवारी १९८४ ला जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. माझे आजोबा त्या आंदोलनात होते. माझा आतेभाऊ ठाण्यात शिकायला होता आणि त्याला त्याच्या सरांनी असंच लिहून आणायला सांगितलेलं. आजोबा दोन संध्याकाळी ओट्यावर बसून त्याला सांगत होते, मी लहान होतो, बाजूला बसून ऐकलं. घरी कधी एवढे बोलले नाहीत. जमिनीच्या बदल्यात मिळायचा तो साडेबारा टक्क्याचा प्लॉट हातात यायच्या आधीच गेले. आमच्याकडे त्यांचा एक फोटो आहे, शब्द एकही नाही.

म्हणून सांगतो, कागद संस्थेला द्या, पण इंटरनेटवर सरसकट टाकू नका. आजोबांनी त्यात कोण कुठे लपला, कोणावर केस झाली, सगळी नावं घेतलेली. ती माणसं, त्यांची मुलं आजही गावात आहेत. आधी ज्याने लिहिलं त्याला विचारा. बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप असतातच, माणसं सापडतील. आणि त्यात जासईचं काही निघालं तर मला कळवाल का? भाऊ त्या शाळेतच होता की नाही, मला पक्कं सांगता येत नाही.

चरईची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी सुरू केलीय, रोज रात्री जेवणं झाल्यावर एक रुमाल. १९९३ पर्यंत आले. जासई अजून सापडलं नाही, दादा, पण अठरा रुमाल बाकी आहेत, सापडलं की आधी तुम्हाला मेसेज करीन. मासुंदाकर, शनिवारी संध्याकाळी या, नावं ओळखायला मदत होईल. भाऊही येतोय, फोटो तोच काढणार आहे.

९३ च्या रुमालात माझाच कागद निघाला. मी बाबांच्याच वर्गात होते. आजीचं लिहिलंय, म्हणजे बाबांच्या आईचं. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तो दिवस. मी झोकात लिहिलंय की लकडी पूल पाण्याखाली गेला, माणसं पत्र्यावर चढली. ओळीन् ओळ 'ऐ', 'ऐ', 'ऐ'. आजी त्या दिवशी पुण्यात नव्हतीच, माहेरी वाईला होती. सात वर्षांचे बाबाही तिच्याबरोबर.

शेवटी एक वाक्य आहे, आजी परत आली तेव्हाचं. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ होती आणि फडताळात मटकीला डब्यातच मोड आले होते. त्यापुढे 'पा'. आणि खाली लाल शाईत : मोड मीही पाहिले.