पॉड ‘चालू’ आहे म्हणजे नेमकं काय?

प्रश्न
आमच्या चमूसाठी क्युबरनेटीसची मराठी टिपणं लिहितोय. (क्युबरनेटीस म्हणजे कंटेनर, अर्थात आपापल्या डब्यात चालणारे प्रोग्रॅम, अनेक यंत्रांवर चालवणारी प्रणाली; एक वा अधिक कंटेनरांचा गट म्हणजे पॉड.) टर्मिनलवर ‘क्युबसीटीएल गेट पॉड्स’ ही पॉडची यादी मागणारी आज्ञा दिली की नाव, रेडी, स्टेटस, रीस्टार्ट्स, एज असे पाच रकाने येतात. स्टेटसमधल्या ‘रनिंग’ला मी ‘चालू’ लिहिलं. परवा एका सहकाऱ्याने तेवढंच वाचलं आणि सगळं ठीक धरलं. रेडीखाली मात्र ०/१ होतं. शब्द चुकला का?

प्रतिसाद १
‘चालू’ बरोबरच आहे, पण एकट्याने पुरत नाही. ‘रनिंग’ एवढंच सांगतं की पॉडला नोड (चालायला यंत्र) मिळाला, कंटेनर घडले आणि निदान एक तरी चालतोय किंवा सुरू होतोय. ०/१ म्हणजे एकापैकी शून्य कंटेनर काम घ्यायला उभे. दुकानाचं शटर वर गेलंय, गल्ल्यावर अजून कोणी बसलेलं नाही. तोवर सर्व्हिस (पॉडकडे विनंत्या वळवणारा भाग) तिकडे गिऱ्हाईक धाडत नाही.

रेडीला ‘सज्ज’ लिहा. ‘तयार’ नको, कारण ‘कंटेनर तयार झाला’ याचा अर्थ मराठीत ‘बनून झाला’ असाही होतो, आणि इथे नेमका तोच फरक दाखवायचाय.

प्रतिसाद २
स्टेटसला ‘स्थिती’ म्हणा, ‘अवस्था’ हा शब्द फेजसाठी, म्हणजे पॉडच्या आयुष्यातल्या टप्प्यासाठी, राखून ठेवा. फेज पाचच: पेंडिंग, रनिंग, सक्सीडेड, फेल्ड, अननोन. क्रॅशलूपबॅकऑफ त्यांत नाही. तो फक्त स्टेटसच्या रकान्यात दिसतो, आणि तशा पॉडची फेज बहुतेकदा रनिंगच असते! फेजवर गाळणी लावून ‘रनिंग’ मागाल तर पडझड चाललेले पॉडही यादीत येतील. मी यात एक अख्खी दुपार घालवली आहे.

प्रश्नकर्ता
मग त्या क्रॅशलूपबॅकऑफला काय म्हणू?

प्रतिसाद २
नाव तसंच ठेवा, शोधताना तेच लागतं. अर्थ मात्र सांगा: कंटेनर पुन्हापुन्हा पडतोय आणि पुढच्या वेळी उठवण्याआधी क्युबलेट (नोडवर कंटेनर सांभाळणारा प्रोग्रॅम) दम खातंय. आधी १० सेकंद, मग २०, ४०, असं दुप्पट होत ५ मिनिटांपर्यंत. ‘बॅकऑफ’ला ‘दम खाणं’ चपखल बसतं. इमेजपुलबॅकऑफमध्येही तेच, फक्त तिथे इमेजच (कंटेनर ज्यावरून घडतो तो साचा) उतरत नसते.

प्रतिसाद १
‘पॉड’ला ‘शेंग’ लिहा असं मी म्हणणार नाही, कोणी बोलणार नाही तसं. पण नवख्याला समजावताना शेंग जरूर आठवा. क्युबरनेटीसच्या दस्तऐवजातच मटारच्या शेंगेचा दाखला आहे. १/२ दिसलं की समजायचं, शेंगेत दाणे दोन, त्यातला एक अजून भरलेला नाही.