मदत हवी आहे: गो-कार्टचा मागचा एक्सल पायरीवर (जिथे व्यास कमी होतो तिथे) तुटला, ईएन-२४ पोलाद घ्यावं का?

कार्ट_सोलापूर:
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या गो-कार्टला मागचा एक्सल नवीन करायचा आहे. सध्याचा ईएन-८ (मध्यम कार्बनचं साधं पोलाद), भरीव २५ मिमी, लांबी १ मीटर. हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) बसवायला दोन्ही टोकं २० मिमीपर्यंत उतरवलेली. यूसीपी-२०५ बेअरिंग (२५ मिमी भोकाचं) दोन, इंजिन १२५ सीसी. ड्रायव्हरसकट वजन १८५ किलो, त्यातलं ११० मागे. बेअरिंगपासून चाकाच्या मध्यापर्यंत १५ सेंमी, पायरीपासून १०.

२५ चा २० होतो बरोब्बर तिथे डावं टोक तुटलं. तुटलेल्या तोंडावर कडेपासून आत शिंपल्यासारख्या वळ्या आहेत, पलीकडे थोडासा भाग खडबडीत. ईएन-२४ (जास्त ताकदीचं मिश्र पोलाद) घेतला तर पुरेल का? आणि की-वेऐवजी (की म्हणजे चावी, ती बसायची खाच) हब सरळ वेल्ड केला तर? काम होटगी रोड किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत करून घेऊ.

चिंचोळीकर:
शिंपल्यासारख्या वळ्या म्हणजे एक्सल एका दणक्यात गेलेला नाही, थकून गेलाय. कडेला बारीक चीर पडली, ती रोज थोडी आत सरकली, आणि उरलेला खडबडीत भाग शेवटी एकदम सुटला. तुमचं दुखणं पोलादाच्या नंबरात नाही, त्या पायरीत आहे.

हिशोब बघा. भरीव शाफ्टची ताकद व्यासाच्या घनावर जाते. २५ चा २० केलात की उरते ५१ टक्के. एका चाकावर ५५ किलो, खड्ड्यात त्याच्या तिप्पट धरा, म्हणजे साधारण १६२० न्यूटन. पायरीवर १६२ न्यूटन-मीटर वाक (बेंडिंग मोमेंट) येतो आणि २० मिमीवर ताण सुमारे २०६ एमपीए (मेगापास्कल). लेथवाल्याने कोपरा टोकदार सोडला असेल तर तिथे तो दुपटीच्या आसपास जातो. नॉर्मलाइज्ड ईएन-८ सुमारे २८० लाच कायमचा वाकायला लागतो. त्यात एक्सल फिरता, म्हणजे दर फेऱ्याला ताण उलटतो. ११ इंची टायरला एका किलोमीटरमध्ये ११०० हून जास्त फेरे होतात.

म्हणून पायरीच ठेवू नका. सरळ ३० मिमी बार, हबचं भोक ३०, की ८ × ७ मिमी, शाफ्टमध्ये खोली ४ मिमी, बेअरिंग यूसी-२०६. की-वेचं टोक बेअरिंगच्या तोंडापाशी आणू नका, नाहीतर तिथेच नवी चीर सुरू होईल. बेअरिंग बाहेर सरकवून १५ चे १० सेंमी करता आले तर बेअरिंगपाशी वाक एक तृतीयांश कमी. हे फुकटात मिळतं, आधी हेच करा.

वेल्डिंग अजिबात नको. ईएन-१९, ईएन-२४ वर साधं वेल्ड मारलं की शेजारचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो. एक्सल मग वेल्डच्या कडेलाच तुटतो.

टर्नर_दादा:
वरच्यांशी सहमत, पण ३० मिमीचा ब्राइट बार (थंड ओढलेला चकचकीत बार) आणून तसाच बेअरिंगमध्ये घालू नका. असा बार ०.१ मिमीपर्यंत कमी भरू शकतो. मग बेअरिंग शाफ्टवर घासतं आणि ग्रब स्क्रू (बेअरिंग शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) कितीही आवळा, एक्सल बाजूला सरकतो. ३२ चा घ्या, पूर्ण लांबी ३० ला उतरवा म्हणजे पायरी राहणार नाही, बेअरिंगच्या जागी ३० ला उणे ०.०२ च्या आत ग्राइंड करून घ्या. आणि एकाच बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना कॉलर लावा, ग्रब स्क्रूच्या भरवशावर राहू नका.

मटेरियल ईएन-१९, हार्डन-टेम्पर केलेला, २८ ते ३२ एचआरसी (रॉकवेल कडकपणा). आधी हीट ट्रीटमेंट, नंतर मशिनिंग. उलट केलंत तर बार वाकडा होऊन येईल.

कार्ट_सोलापूर:
यंत्रमागाच्या शाफ्टसाठी येणारा काळा बार स्वस्तात मिळतोय. आणि ३० भरीवचं वजन?

टर्नर_दादा:
काळा बार नको, तो बहुतेक एमएस (साधं मऊ पोलाद) असतो. प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका.

चिंचोळीकर:
व्यासाचा वर्ग भागिले १६२. ३० ला मीटरला ५.५ किलो, २५ ला ३.९. वजन नकोच असेल तर ४० मिमी बाहेरचा, ३ मिमी जाडीचा ४१३० (क्रोम-मॉली पोलाद) चा सीमलेस (बिनजोड) पाइप बघा. मीटरला २.७ किलो, आणि वाकण्याला ३० भरीवपेक्षा सुमारे १३ टक्के जास्त ताकद. मात्र हब, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) धरणारा कॅरियर, बेअरिंग (यूसी-२०८) सगळं ४० चं लागेल, आणि हब क्लॅम्पचेच घ्या. ३ मिमी भिंतीत खोल की-वे पाडला तर हाती काही उरत नाही. एक लक्षात घ्या, ईएन-८ असो की ईएन-२४, लवचिकता जवळपास सारखीच. वाक कमी करायचा तर व्यासच वाढवावा लागतो.

टर्नर_दादा:
माझं मत भरीव ३० लाच. पहिल्या वेळी पाइपच्या क्लॅम्पवर पकड सुटते, स्प्रॉकेट फिरतं, चेन उडते. बसवताना व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेज लावून फिरवा, मधल्या भागात ०.१ मिमीपेक्षा जास्त पळत असेल तर परत द्या. तापवून सरळ करू देऊ नका. प्रत्येक स्पर्धेनंतर हब काढून की-वेची टोकं आणि बेअरिंगच्या कडा साफ करा, चिरा शोधायचा लाल डाय लावून १० मिनिटं ठेवा, पुसा, डेव्हलपर (चिरेतला डाय वर ओढणारा पांढरा फवारा) मारा. लाल रेघ उमटली तर तो एक्सल स्क्रॅपला, दुसऱ्या कार्टलाही नाही.